ऑफ तास

शाळेच्या वेळापत्रकात प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे एखादा चौकोन रिकामा असतो. आठ तासिकांच्या दिवसात असा एक, फार तर दोन. त्याला आम्ही ऑफ तास म्हणतो. जूनमध्ये नवं वेळापत्रक भिंतीवर लागलं की जो तो आधी आपला ऑफ तास कुठे पडलाय ते बघतो. मधल्या सुट्टीला लागून आला तर जरा सलग वेळ मिळतो. शेवटचा आला तर निबंधाच्या वह्या घरी न्याव्या लागत नाहीत. शाळेबाहेरच्या माणसाला ही शिक्षकांची चैन वाटते. मी सगळी नोकरी हायस्कूलला मराठी शिकवण्यात घालवली आहे आणि माझं ठाम मत झालंय, की शिक्षकाचं मन ठिकाणावर ठेवणारी शाळेतली एकमेव व्यवस्था म्हणजे तो रिकामा चौकोन होता. तो भरत गेला आणि आम्ही आजारी पडत गेलो.

वर्गावर जाणं म्हणजे नुसतं शिकवणं नसतं. तेरा ते सोळा वयाची पन्नास-साठ मुलं समोर असतात. दहावी ‘ब’मध्ये कुणाच्या तरी दप्तरात मोबाइल सापडलेला असतो, आवाज चढलेले असतात, तेवढ्यात घंटा होते आणि दोन मिनिटांत जिना उतरून आठवी ‘अ’मध्ये कविता म्हणायची असते. तीही प्रसन्न चेहऱ्यानं, कारण आठवीच्या पोरांचा त्यात काही दोष नसतो. आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामावर पुस्तक लिहिलं. मनात काय चाललंय ते बाजूला सारून चेहरा आणि आवाज समोरच्याला हवा तसा ठेवणं हे वेगळे श्रम आहेत आणि त्यांचीही किंमत माणूस मोजतो, अशी त्यांची मांडणी. हवाई सुंदरीचे प्रवासी मुक्कामाला उतरून जातात. आमचे तेच राहतात, रोज, वर्षभर, आणि त्यातल्या प्रत्येकाचं नाव, घर आणि बापाचा धंदा आम्हाला ठाऊक असतो.

बी.एड.ला किशोरावस्थेवर एक प्रकरण होतं. स्टॅन्ली हॉल यांनी या वयाला वादळाचा आणि ताणाचा काळ म्हटलंय, हे आम्ही सगळ्यांनी परीक्षेत लिहिलं. त्या वादळासमोर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाचं काय होतं, याबद्दल पुस्तकात एक ओळ नव्हती.

आमचा भाग सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा, जत-आटपाडीकडचा, दुष्काळी. दिवाळीच्या सुमारास कित्येक घरं ऊसतोडीला बाहेर पडतात. सुट्टीनंतर शाळा उघडली की काही बाक मोकळे दिसतात. काही मुलं आईबापाबरोबर फडावर गेलेली असतात, काही आजीजवळ मागं राहिलेली असतात. मागं राहिलेली मुलं एकदम मोठ्या माणसांसारखी वागायला लागतात आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. नववीतली एखादी मुलगी वही द्यायच्या निमित्तानं थांबते. “बाई, जरा बोलायचं होतं.” मग कळतं, घरात तिच्या लग्नाचं चाललंय. कधी बापाच्या दारूचं असतं, कधी मोबाइलवर कुणीतरी मागितलेल्या फोटोचं असतं, कधी नुसतंच ‘झोप लागत नाही बाई’ असतं. तेवढ्यात पुढची घंटा होते. मी समास शिकवते. विग्रह फळ्यावर लिहिताना डोक्यात ती मुलगी असते, संध्याकाळी भाकरी थापतानाही तीच असते. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ ला फोन करावा तर एवढ्याशा गावात तो कुणी केला हे लपत नाही. न करावा तर मार्चमध्ये तिचा बाक रिकामा होईल. असं एका वर्गात एक मूल नसतं. आणि हे सगळं ऐकून घेण्याचं शिक्षण आम्हाला कुणी दिलेलं नाही. आमच्याजवळ आहे ती मुलांनी टाकलेल्या विश्वासाची जबाबदारी.

हे सगळं उतरवायची जागा शिक्षक-खोली होती. लांब टेबल, भिंतीला लागून पत्र्याची कपाटं, कोपऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्या. ऑफ तासाला तिथे दोघं-तिघं असायचे. बोलणं अगदी किरकोळ: पाऊस, डाळिंबाचा भाव, कुणाच्या मुलीला आलेलं स्थळ, पेपरात कुणी काय उत्तर लिहिलंय. मधेच कुणीतरी म्हणायचं, “आज नववी ‘क’मध्ये माझा हात उठला असता.” दुसरं कुणी म्हणायचं, “मग पुढच्या तासाला तुम्ही जाऊ नका, मी जातो.” विषय संपला. ना कुणी उपदेश केला, ना कुणी नोंद केली. नोकरीच्या सुरुवातीला मुलं मला वर्गात रडकुंडीला आणायची. एकदा तशीच खोलीत येऊन बसले तर इतिहासाच्या ज्येष्ठ बाईंनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, “मला पण असंच व्हायचं. आधी जेव.” त्या एवढ्या वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं काढली आहेत. शिक्षकाला समुपदेशक हवा, असं मी आज म्हणते. तेव्हा ते काम त्या बाई करत होत्या, त्यांना तसं कुणी नेमलं नव्हतं.

ऑफ तास आधी बदली तासानं खाल्ला. कुणी रजेवर गेलं की मोकळ्या शिक्षकानं त्याचा वर्ग सांभाळायचा, ही रीत जुनीच. पण निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जाईनात, कला-क्रीडेचे शिक्षक दिसेनासे झाले आणि बदली तास रोजचा झाला. उरलासुरला वेळ ‘माहिती’कडे गेला. सरल, यू-डायस प्लस, शालार्थ ही सरकारी पोर्टलं, आणखी कसली कसली लिंक. मुलाचं नाव दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरं असलं की पडताळणी अडते, आणि पडताळणी न झालेलं मूल संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, हिशेबात धरताना अडचण येते. पोर समोर बाकावर बसलेलं असतं आणि वर्गशिक्षक त्याच्या असण्याचा पुरावा जुळवत असतो. भ्रमणध्वनीवर तालुक्याचा गट, शाळेचा गट, विषयाचा गट, पालकांचा गट. ‘तात्काळ’, ‘अत्यंत तातडीचे’, ‘आज पाच वाजेपर्यंत’. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामांना जुंपू नये. माहिती भरणं मात्र शाळेचंच काम समजलं जातं, म्हणून ते कलम आमच्या ऑफ तासाच्या मदतीला येत नाही. शिक्षक-खोलीत आजही पाच-सहा जण बसलेले दिसतील. सगळ्यांच्या माना खाली. कुणी कुणाचा चेहरा बघत नाही, त्यामुळे कुणाचा चेहरा उतरलाय हे कुणाला कळत नाही.

आमच्या गणिताच्या सरांचा उतरला होता. त्यांना विचारून लिहिते आहे. शांत माणूस, कंपास न घेता फळ्यावर वर्तुळ काढायचे आणि ते वाकडं यायचं नाही. एका जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या तोंडावर, दहावीला प्रमेयाची सिद्धता लिहिता लिहिता ते थांबले. फळ्याकडे तोंड करून तसेच उभे राहिले. सर रागावलेत असं समजून वर्ग चिडीचूप. शेवटी वर्गाची मॉनिटर मला बोलवायला आली. मी गेले तेव्हा खडू फळ्याला टेकलेलाच होता. हळूच म्हणाले, “मॅडम, पुढची पायरी आठवेना.” आयुष्यभर शिकवलेली पायरी.

आमच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि असता तरी ते तिथे गेले नसते. दवाखान्याच्या बाकड्यावर कुणा ना कुणा पालकाची गाठ पडणारच. ते मिरजेला गेले. रजेच्या अर्जावर त्यांनी ‘कौटुंबिक कारण’ असं लिहिलं. वैद्यकीय रजा घ्यायची तर प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते चार हातांतून फिरतं आणि संध्याकाळपर्यंत चावडीवर पोचतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे, पण हा हक्क आपला आहे हे शाळेच्या कार्यालयात कुणाला कधी सांगितलेलं मी ऐकलं नाही. गोळ्या ते चष्म्याच्या डबीत ठेवायचे. कुणी विचारलं तर ॲसिडिटीच्या आहेत म्हणायचे. त्याच टेबलावर मधुमेहाच्या गोळ्या लोक उघड घेतात, रक्तदाबाच्या एकमेकांना उसन्या देतात. सरांना आजाराची भीती नव्हती. कुणा पालकानं ‘त्या मास्तरचं डोकं फिरलंय, माझ्या पोराला त्यांच्या वर्गात नको’ असं म्हणू नये, एवढीच भीती होती. ते बरे झाले. औषधानं झाले, झोपेनं झाले, आणि सहकाऱ्यांनी कुठेही वाच्यता न करता त्यांचे तास काही महिने वाटून घेतले म्हणूनही झाले. आज ते पुन्हा दहावीला भूमिती शिकवतात.

शिक्षक मुलांमुळे दमतात असं लोक समजतात. मला ते कधीच पटलं नाही. मुलं दमवतात आणि मुलंच भरून काढतात. दहावीचा निकाल लागल्यावर ज्याला पस्तीसची आशा नव्हती असा पोरगा पेढा घेऊन घरी येतो, त्यावर शिक्षकाचं एक वर्ष निघतं. माणूस झिजतो तो उद्या आपली जागा राहील की नाही या विचारानं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आसपासच्या शाळांतल्या सातवीच्या मुलांच्या याद्या काढायच्या आणि दोघं-दोघं मोटरसायकलवर वाड्या-वस्त्यांवर हिंडायचं, कारण आठवीचा पट भरायला हवा. दुसऱ्या संस्थेनं सायकल देऊ केली असेल तर आपण दप्तर, वह्या, रिक्षाची सोय. पैसे बहुतेक वेळा शिक्षकांच्याच खिशातले. ज्या मुलाला पुढची तीन वर्षं शिस्त लावायची, त्याच्या बापाची आधी ओट्यावर बसून मनधरणी करायची. एकदा का पालकापुढे असं बसलं, की वर्षभर त्या मुलाला ‘गृहपाठ का केला नाहीस’ विचारताना आवाज आपोआप खाली येतो. हे अपमानाचं आहे. मोठ्या वयाच्या, पांढऱ्या केसांच्या माणसांना मी मे महिन्याच्या उन्हात हे करताना पाहिलंय आणि त्यांची पोरं घरी सुट्टीत त्यांची वाट बघत असतात.

पट कमी पडला की तुकडी तुटते. तुकडी तुटली की सेवाज्येष्ठतेच्या यादीत खाली असलेला माणूस अतिरिक्त ठरतो. ज्यानं एवढी वर्षं त्या गावातली मुलं शिकवली, त्याला कागद सांगतो की तू जादा आहेस. मग समायोजनाची वाट. कुठल्या तालुक्यात, कुठल्या शाळेत, तिथले लोक कसं बघतील. यातलं सगळ्यात वाईट मला हे वाटतं, की ती यादी शिक्षक-खोलीतल्याच माणसांची असते. शेजारच्या खुर्चीवरचा राहिला तर आपण जाणार. अशा खोलीत ‘मला आज वर्गावर जाववत नाही’ हे वाक्य तोंडातून निघणार कसं? कमकुवत दिसणं परवडत नाही.

विनाअनुदानित तुकडीवरच्या शिक्षकाला तर यादीत असण्याचंही समाधान नाही. २००१ साली राज्यानं नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर मान्यता देण्याचं धोरण घेतलं. २००९ साली त्यातला ‘कायम’ काढला गेला. मग अनुदान टप्प्याटप्प्यानं, २०, ४०, ६० टक्के असं येऊ लागलं आणि प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षकांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावं लागलं. एकाच शाळेत, एकाच दहावीला शिकवणारे दोघं: एकाला पूर्ण पगार, दुसऱ्याला टक्क्यांत. हा दुसरा पहाटे डेअरीला दूध घालतो, सुट्टीत तासगावकडे द्राक्षबागेत कामाला जातो आणि अकराच्या प्रार्थनेला इस्त्रीच्या शर्टात उभा असतो. लग्नाच्या बैठकीत ‘मास्तर आहे, पण पगार चालू नाही’ हे वाक्य त्यानं किती वेळा ऐकलंय ते तो सांगत नाही. रीतसर नेमणूक झालेल्या माध्यमिक शिक्षण सेवकालासुद्धा २०२३ पर्यंत महिन्याला ८,००० रुपये मिळत होते. तेव्हा ते १८,००० झाले. आता त्यात शिक्षक पात्रता परीक्षेची, टीईटीची भर. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की आठवीपर्यंत शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी. पात्रता असावीच, याबद्दल माझा वाद नाही. पण पन्नाशीकडे आलेली बाई रात्री घरातलं आवरून बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवत बसते आणि सकाळी वर्गात जांभई दाबते, तेव्हा नोकरी जाईल का हा प्रश्न तिच्याबरोबर वर्गात येतो.

या सगळ्यावर आमच्याकडे एक नाव तयार असतं. शिक्षकानं कसं असावं, तर साने गुरुजींसारखं. मलाही ते फार प्रिय आहेत. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, तिथलं वसतिगृह सांभाळत होते, मुलांसाठी त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. मुलांचं दुखलं-खुपलं त्यांना स्वतःचं वाटे. पुढे तुरुंग, १९४७ सालचं पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठीचं उपोषण, गांधीजींच्या हत्येनंतरचं उपोषण, ‘साधना’ साप्ताहिक. आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी आपलं आयुष्य स्वतः संपवलं. त्यांच्या मनात काय होतं हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. शिक्षक म्हणून मला एवढंच दिसतं, की आमची भाषणं त्यांच्या अश्रूंपाशी येऊन थांबतात. त्यांचा हळवेपणा आम्ही मुलांना गुण म्हणून सांगतो आणि तो हळवेपणा वागवताना त्यांना काय सोसावं लागलं असेल, याबद्दल आपापसातही बोलत नाही. महाराष्ट्राच्या सर्वांत लाडक्या शिक्षकाचं मनही थकलं असू शकेल, ही गोष्ट शिक्षक-खोलीत उघडपणे बोलता आली असती, तर गणिताच्या सरांना गोळ्या चष्म्याच्या डबीत ठेवाव्या लागल्या नसत्या, असं मला खरोखर वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आजारांच्या नव्या वर्गीकरणात कामातून येणाऱ्या या थकव्याची नोंद घेतली. आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: अंगातली शक्ती संपणं, कामावरून मन उडणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिली खूण आम्हा सगळ्यांत फेब्रुवारीपर्यंत दिसते आणि मे महिन्यात काहीशी ओसरते. मला भीती दुसरीची आहे. ती शिक्षक-खोलीत एका साध्या वाक्यानं येते: “आता काही वाटत नाही.” मूल नापास झालं, काही वाटत नाही. मुलगी रडत आली, काही वाटत नाही. हे बोलणारी माणसं निर्दय नसतात. बहुतेक वेळा ज्यांना एके काळी सगळ्यात जास्त वाटायचं तीच असतात. पण वही द्यायच्या निमित्तानं थांबणारी नववीतली मुलगी उद्या त्यांच्याचकडे येणार आहे, आणि त्या दिवशी त्यांना काही वाटलं नाही तर तिला दुसरं दार नाही. म्हणून शिक्षकाचं मन ही त्याची खासगी बाब आहे, असं मी मानत नाही.

दहावीच्या परीक्षेआधी राज्य मंडळ विद्यार्थ्यांसाठी समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करतं. ते आम्ही फळ्यावर लिहितो आणि मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो, की घाबरू नका, बोला. आम्हालाही हे कुणीतरी सांगायला हवं. मुख्याध्यापकांना माझं मागणं फार मोठं नाही. आठवड्यातून निदान एक ऑफ तास प्रत्येक शिक्षकाला असा द्या, की त्यात बदली तास नाही, लिंक नाही, फोन नाही, आणि त्या वेळी खोलीत आणखी एखादा माणूस बसलेला असेल असं वेळापत्रक लावा. पालकांनी रात्री नऊनंतर गृहपाठाचे संदेश पाठवू नयेत, आणि एखादे सर महिनाभर दिसले नाहीत तर त्यांच्या आजाराची चौकशी गावभर करू नये. मानसिक आधारासाठीच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू आहे. तिथे दिवसरात्र फोन करता येतो, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. वर्गाच्या भिंतीवर तो मुलांसाठी लावाच. एक कागद शिक्षक-खोलीतही लावा, आणि मुख्याध्यापकांनी त्यावर स्वतःची सही करावी, म्हणजे फोन करणाऱ्याला तो लपून करावा लागणार नाही.